बाकाखालचं वायफाय

मी नांदेडचा. वायफाय बसवतो. लोकांना वाटतं, या धंद्यात वायरी आणि डबे सोडून सांगण्यासारखं काय असणार? अहो, एकदा लातूरच्या कोचिंग क्लासमध्ये पाऊल टाकून बघा! एकाच क्लासचं काम घेतलं आणि महिनाभरात इतके धक्के खाल्ले की घरी सांगितलं तर बायको म्हणते, "काहीही रचून सांगताय."

क्लास बिराजदार सरांचा. एका हॉलमध्ये तीनशे पोरं, प्रत्येकाच्या हातात टॅब. दर रविवारी टॅबवर टेस्ट आणि दर रविवारी नेटवर्क गायब! सरांनी सरळ सांगितलं, "इंजिनिअर साहेब, या महिन्यात जमलं तर ठीक. न्हाई तर पुन्हा कागदावर टेस्ट, आन् तुम्ही तुमचे डबे घेऊन नांदेडला."

* * *

पहिल्या दिवशी राउटर शोधायला निघालो. सापडेना. क्लासचे मॅनेजर मन्मथअप्पा, चाकूरचे, किल्ल्यांचा जुडगा घेऊन आले आणि त्यांनी ऑफिसातलं लोखंडी कपाट उघडलं. आत राउटर! हळद-कुंकू लावलेला, वर दसऱ्याचं वाळलेलं फूल.

"अप्पा, कपाटात?"

"मग? एवढी महागाची वस्तू उघड्यावर ठेवता काय?"

मी फूल बाजूला ठेवलं आणि राउटर बाहेर काढला.

* * *

पुढच्या वेळी गेलो तर हॉलच्या भिंतींवर आठ नवे राउटर! अप्पांनीच आणलेले. आठही फुल पॉवरवर, आठही एकाच चॅनलवर. नेटवर्क आधीपेक्षा वाईट.

"अप्पा, आठ सर एकाच हॉलमध्ये एकदम ओरडून शिकवायला लागले तर पोरांना काय ऐकू येईल?"

अप्पांनी मान डोलावली. मी एकेकाची पॉवर कमी करायला घेतली, तसे ते थेट सरांकडे धावले.

"सर, लवकर या! हा माणूस चांगल्या मशिनी बारीक करायलाय!"

* * *

रिकाम्या हॉलमध्ये सगळं झकास चालायचं. पोरं बसली की ठप्प! अप्पांनी कारण विचारलं. मी सहज बोलून गेलो, "माणसाच्या अंगात पाणी असतं ना, ते सिग्नल खातं."

रविवारी येऊन बघतो तर वॉटर कूलरला कुलूप! पोरांच्या बाटल्या दाराशी जमा केलेल्या.

"टेस्ट संपेस्तोवर पाणी बंद," अप्पा म्हणाले. "तुम्हीच म्हणले होते न्हवं?"

माझ्याच तोंडाला कोरड पडली.

* * *

शेवटी ठरवलं, वायफायचे छोटे डबे पोरांच्या डोक्यावर, छतालाच लावायचे. शिडीवर चढलो. पहिलं भोक पाडणार, तेवढ्यात बिराजदार सर ओरडले. हा माणूस कधी आवाज चढवत नाही.

"उतरा खाली! माझ्या पोरांच्या डोक्यावर काहीच लटकायचं न्हाई!"

मी वर बघितलं. इतके दिवस त्या हॉलमध्ये राबत होतो, पण छताला एकही पंखा नाही हे तेव्हा दिसलं. सगळे भिंतीवर. सर त्र्याण्णवच्या भूकंपातल्या गावचे. त्या पहाटे छत अंगावर कोसळून त्यांच्या घरातलं कोणीच उरलं नाही, हे अप्पांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मला फार लाज वाटली.

डबे मग बाकांखाली लावले, कमी पॉवरवर. गंमत म्हणजे पोरांची अंगंच मधे आड आली आणि एका डब्याचा सिग्नल दुसऱ्यात मिसळेना. जे पाणी आडवं येत होतं, तेच कामाला आलं!

* * *

महिन्याचा शेवटचा रविवार. तीनशे पोरं, टेस्ट सुरू, आणि कुठेच काही अडकेना! मी लॅपटॉप मांडीवर घेऊन दाराशी बसलो होतो.

संपायला वीस मिनिटं असताना जमिनीतून गडगड आवाज आला. बाकं थरथरली. सरांनी शिट्टी मारली आणि टॅब जागेवर टाकून पोरं भराभर मैदानात! क्लासच्या पहिल्या दिवशी सर आधी हेच शिकवतात. मीही लॅपटॉप कवटाळून पळालो.

थरथर थांबली. सरांनी पोरं मोजली. एक कमी. पुन्हा मोजली. एक कमीच! सरांचा चेहरा पांढराफटक पडला.

मी लॅपटॉप उघडला. बाहेर सिग्नल जेमतेम येत होता. आतले सगळे टॅब गप्प. सातव्या रांगेतल्या डब्यावर मात्र एक टॅब अजून उत्तरं पाठवत होता!

"सर, सातवी रांग!"

मी पुढे काही बोलायच्या आत सर एकटे आत शिरले. भोकरहून आलेली एक मुलगी बाकाखाली बसून पेपर सोडवत होती. सरांनी तिला हाताला धरून बाहेर आणलं.

"शिट्टी ऐकली न्हाईस का गं?"

"ऐकली की सर," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "पण नेटवर्क पहिल्यांदाच आलं होतं!"