चव घेऊन गेले

कादेरिना फटकळ बाई. सार्डिनिया बेटावरच्या डोंगरातल्या त्या गावात तिच्या पापडासारख्या पातळ भाकरीला तोड नव्हती आणि तिच्या जिभेलाही नव्हती. नवरा गोनारिओ मेंढपाळ, आणि बोलणं म्हणजे जणू पाप समजणारा. वीस वर्षं दोघांच्या वाटचं तीच बोलली. थंडीत जेवायला बसला की तो टेबलाखाली आपले गारठलेले पाय तिच्या डाव्या पावलावर ठेवायचा. "माझा पाय म्हणजे काय शेगडी आहे?" असं ती रोज म्हणायची, पण पाय कधी काढून घ्यायची नाही.

एका हिवाळ्यात वरच्या कुरणावर गोनारिओ बर्फात सापडून गेला. खाली आणला तेव्हा शिदोरीची पिशवी तिने बांधून दिली होती तशीच होती. माणूस गेल्याचं दुःख होतंच, पण कादेरिनाच्या जिवाला लागलं ते हे, की तो उपाशी गेला.

नोव्हेंबर लागला की गावात एका रात्री गेलेल्यांसाठी ताट मांडतात. जाडजूड मकारोने पास्ता, वर मेंढीचं चीज, शेजारी वाईनचा पेला. सुरी-काटा ठेवायचा नाही, मेलेल्यांना लागेल म्हणून. अन्न जागचं हलत नाही. मेलेली माणसं त्यातला फक्त वास आणि चव नेतात, असं म्हणतात. सकाळी शेजारीपाजारी येतात, त्यातला एकेक घास खातात आणि मान हलवून म्हणतात, "काही उरलं नाही यात. चव घेऊन गेले." खरं सांगायचं तर चव कुठेही गेलेली नसते. लोक ओठांवरचं चीज पुसत पुसत हे म्हणतात. पण न म्हणणं म्हणजे घरच्यांच्या तोंडावर तुमचं माणूस आलंच नाही असं सांगणं, आणि एवढ्या दगडी काळजाचं कुणी नव्हतं. कादेरिनाही जन्मभर घरोघरी ही थाप मारत आली होती.

पुढच्या नोव्हेंबरात तिने गोनारिओसाठी ताट मांडलं. सकाळी त्यातला घास तोंडात घातला आणि ती थबकली. घासाला चवच नव्हती. मीठ नाही, चीज नाही, ओला कागद चघळावा तसं. पेला नाकाशी नेला तर त्यालाही वास नाही. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. म्हणजे सगळे आजवर खरंच बोलत होते! खोटारडी ती एकटीच!

धाकटी नणंद लुस्सोरिया शेजारीच राहायची. कादेरिनाने तिच्या हातात चमचा कोंबला. "खा बघू. आणि खरं सांग."

लुस्सोरियाने खाल्लं, वहिनीच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "काही उरलं नाही गं. दादा चव घेऊन गेला."

कादेरिना ओक्साबोक्शी रडली. जेवला म्हणायचा एकदाचा!

पण दुपारच्या रश्श्यालाही चव नव्हती, आणि दुसऱ्या दिवशीच्या कॉफीलाही. आठवडा गेला तरी तेच. मग तिच्या ध्यानात आलं, की गोनारिओ जेवून परत गेलेलाच नाही. तो टेबलाशी बसून आहे आणि तिच्या प्रत्येक घासातली चव तिच्याआधी काढून घेतो आहे. तिने त्याच्यासाठी वेगळं ताट मांडलं. त्याला तिच्याच ताटातलं हवं असायचं. ती भराभरा घास गिळून पाहायची, त्याच्या आधी जीभ पोचावी म्हणून. "अरे हावरटा, मला एक तरी ठेव!" असं ती रिकाम्या खुर्चीवर खेकसायची. मग आपल्याच आवाजाने तिला भीती वाटायची.

कधीकधी स्वयंपाक करताना अचानक ओल्या लोकरीचा वास यायचा. त्याच्या अंगरख्याचा, पावसात भिजून आल्यावर यायचा तसा. बाकी कशालाच वास नाही, आणि हा एवढाच, नाकात भरून राहणारा. अंगरखा तर तिने त्याच्याबरोबर पुरला होता.

जानेवारीत तिचं डावं पाऊल गार पडलं. जेवताना सुरू झालं आणि उठल्यावरही गेलं नाही. पावलावर काहीतरी वजन ठेवल्यासारखं वाटायचं. कादेरिनाला ते लगेच कळलं. ती तशीच बसून राहिली, पाय न हलवता. भीती वाटत होती आणि तो जाऊही नये असं वाटत होतं. अंगावरचं मांस उतरलं, पोलकी ढगळ झाली, पण लुस्सोरियाला तिने सांगितलं ते एवढंच, "भूक नाही मला."

एके दिवशी ते पाऊल दगा देऊन गेलं आणि ती चर्चच्या पायऱ्यांवरून कोसळली. तेव्हा लुस्सोरियाने तिला शहरातल्या इस्पितळात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी डोक्याचे फोटो काढले आणि आजाराचं नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. त्या बेटावर हा नसांचा आजार इतक्यांना होतो, की तो कुणाला समजावून द्यावा लागत नाही. घरोघरी मातीच्या चुली. मग बाईंनी एकेक कुपी तिच्या नाकाशी धरली. लवंग, संत्रं, धूर. कादेरिनाने सगळ्यांना नकाराची मान हलवली.

"पायासारखंच हे," बाई म्हणाल्या. "नसा आजारी पडल्या की वास जातो, चव जाते. कधी नसलेला वासही येतो. कधीपासून आहे हे?"

"हा आजार नाही," कादेरिना ताडकन म्हणाली. "माझा नवरा जेवतोय. हिला विचारा. त्या सकाळी हिनेही खाल्लं होतं. हिलाही चव लागली नाही."

लुस्सोरियाचे कान लाल झाले. "वहिनी," ती खाली बघत म्हणाली, "मीठ जरा जास्तच झालं होतं गं त्यात."

कादेरिना सगळा रस्ता एक शब्द बोलली नाही. तिच्या आयुष्यातला तो पहिलाच मुका प्रवास.

सलाईनमधून औषध सुरू झालं. वसंतात पाऊल हलकं झालं. एका सकाळी कॉफीचा वास स्वयंपाकघरभर पसरला आणि ती टेबलाशी बसून रडली. लोकांना वाटलं, आनंदाने.

नोव्हेंबर आला तेव्हा तिने पुन्हा ताट मांडलं. कुणी काही म्हणो. सकाळी लुस्सोरिया सगळ्यांच्या आधी आली. कादेरिनाने घास घेतला. मीठ होतं, चीज होतं, टोमॅटोचा आंबटपणा होता, कणभरही कमी नाही. तो आला नव्हता. नेहमीचं वाक्य म्हणायला तिने तोंड उघडलं, तोच लुस्सोरियाचा चमचा हवेत थांबला.

"वहिनी, मीठ घातलंयस ना यात?"

"घातलंय."

लुस्सोरियाने आणखी एक घास घेतला, मग आणखी एक. तिचा चेहरा उजळला, डोळे भरून आले. "अगं, दादा आला! या वेळी थाप नाही मारत, आईची शपथ! काही नाही गं यात, काहीच नाही!"

कादेरिनाने तिच्या हातातला चमचा काढून घेतला. "काल रात्रीच्या जेवणाला चव होती तुझ्या?"

"नव्हती... सर्दी झाली असेल. का?"

"आणि पाय?"

"उजवा जरा बधिर आहे. तुला कसं कळलं?" लुस्सोरिया हसत होती. लहान मुलीसारखी हसत होती. तिला वर्षभर हसत ठेवायला एक वाक्य पुरलं असतं, आणि ते वाक्य गावात सगळ्यांना पाठ होतं. त्याच वाक्याने कादेरिनाचे तीन महिने खाल्ले होते. पण दुसरं वाक्य तिने अजून स्वतःशीही उच्चारलं नव्हतं.

"दादा आला नव्हता, लुस्सोरिया," ती म्हणाली. "यंदाही नाही आणि गेल्या वर्षीही नाही. ऊठ. डॉक्टरीणबाईंकडे जायचंय."

बोलणं संपायच्या आत गोनारिओच्या खुर्चीकडून ओल्या लोकरीचा वास आला, नाकात भरून राहणारा. कादेरिनाने तिकडे पाठ केली आणि नणंदेचा कोट खुंटीवरून काढला.