चेडवाक उतरवा!

आमच्या धारगळात बास्केटबॉलचा एकही खांब नाही. पण बास्केटबॉलवर अधिकारवाणीने बोलणारी माणसं इतकी आहेत की, गोव्यातल्या सगळ्या कॉलेजांना एकेक वाटली तरी चार आमच्याकडे उरतील. ही विद्वत्ता गावात आली माझ्या भाचीमुळे, गावाच्या भाषेत आमच्या चेडवामुळे, म्हणजे पोरीमुळे. ती म्हापशाच्या बाजूला एका कॉलेजात शिकते आणि कॉलेजच्या संघात आहे. संघात आहे म्हणजे संघाच्या बाकावर आहे.

ती माझ्या भावाची मुलगी. भाऊ बोटीवर. वहिनीला सामना बघायचं नुसतं नाव काढलं की छातीत धडधडतं. म्हणून प्रत्येक सामन्याला आत्या या नात्याने माझी रवानगी. मी डिचोलीत शाळेत शिकवते. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांवर ओरडून घसा बसलेला असतो, आणि संध्याकाळी आपल्या पोरीसाठी पुन्हा तोच घसा वापरायचा. वापरायची वेळ मात्र यायची नाही, कारण ती उतरायचीच नाही.

माझ्याबरोबर गावाची फौज असायची. फौजेचं वाहन माझ्या चुलतभावाचं. तो आधी खाणीवर ट्रक चालवायचा, आता पिकअप चालवतो, पण आवाज अजून ट्रकाचाच आहे. दुसरी, हमरस्त्याच्या कडेला भाजी विकणारी एक बाई. ती आमची शेजारीण. भाचीला तिने लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलेलं, त्यामुळे पोरीवर तिचा हक्क माझ्याहून दोन बोटं जास्तच. तिसरे, एक म्हातारे दशावतारी. उभं आयुष्य त्यांनी रंगमंचावर राजे केले. आता गुडघे गेले, पण राजेपण गेलं नाही. बाकीचे सात-आठजण जागा असेल तसे चढायचे. मागे क्रेट उलटे घालून बसायचं, आणि पोलीस दिसला की सगळ्यांनी एकदम खाली वाकायचं, एवढीच काय ती शिस्त.

सामना संपला की दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात पातळ भाजी आणि उंड्यावर, म्हणजे आमच्या गोल पावावर, चर्चा. विषय एकच: पोरीला उतरवत का नाहीत?

"गाडी गियरात घातल्याशिवाय चलता काय?" चुलतभाऊ उंडा मोडत विचारायचा. "तो सर तिका न्युट्रलात दवरता!"

दशावतारी शांत. चहाची बशी तोंडाजवळ नेऊन ते म्हणायचे, "तुमका नाटकातला कळता काय? पयलो गणपती येता. मगे संकासूर. राजा कधी पयल्या प्रवेशात येता? तो मागसून येता, आणि येता तेव्हा लोक उठान बसतत."

"सामनो संपलो तरी तुमचो राजा येणा नाय मरे!" चुलतभाऊ म्हणायचा.

"तां सराक समजूक व्हया," असं म्हणून ते बशी खाली ठेवायचे.

भाजीवालीचं म्हणणं वेगळंच. ती स्वतः ताजी भाजी ओल्या फडक्याखाली ठेवते आणि कालची वर मांडते. तेव्हा सर पोरीला ओल्या फडक्याखाली ठेवून कालच्या पोरी खपवत असणार, यात तिला काही नवल वाटत नव्हतं. फक्त फडकं कधी निघणार, एवढाच तिचा प्रश्न.

खरं सांगायचं तर या कोणालाही खेळ कळत नव्हता. आमच्याकडे जत्रेत पालखीला आधी खांदा कोणाचा, प्रसाद आधी कोणाला, यावरून घराघरांत अबोले आहेत. तोच हिशोब त्यांनी इथे लावला. पहिल्या पाचजणी उतरतात म्हणजे पहिल्या पाच घरांचा मान. आमची पोरगी बाकावर म्हणजे धारगळचा अपमान. एकाने तर विचारलं की, हे पाच मानकरी ठरवले कोणी आणि कोणत्या साली. मी हसले, तर म्हणाला, "तू हस गो, शिक्षकीण ती तू."

शेवटी शिष्टमंडळ सरांना भेटायला गेलं. मी नको नको म्हणत होते, पण मला बोलणारी म्हणून पुढे घातलं, आणि बोलू कोणी दिलं नाही. सर जेमतेम तिशीचे, सासष्टीकडचे, समोर अचानक इतकी माणसं आणि केळ्यांचा घड बघून गांगरले. पण माणूस सरळ होता. म्हणाले, "तिचे हात बरे आसात. बॉल सुटलो की बास्केटांत. पूण पांय आळशी. आडावपाक धांवना."

परतीच्या वाटेवर पिकअपमध्ये हलकल्लोळ. हात चांगले, हे कोणी ऐकलंच नव्हतं. धारगळच्या पोरीचे पाय आळशी! भाजीवाली तर पेटलीच. "डोंगरार काजी वेचूक माज्या बरोबर ह्याच पायांनी येय होता ता! सराक म्हणा, एक दिस माजी टोपली घेवन चढ!"

घरी आल्यावर मी भाचीला सांगितलं. ती पायातले बूट काढत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "सर बरोबर सांगतत, आते. दुसरी चेडवां माज्या बाजून पळान जातत आणि मी बघीत रवतंय." मग दुसरा बूट काढत म्हणाली, "आणि तुमी सगळी थंय जावन बोललास, ती गजाल आता अख्ख्या टीमाक म्हायत आसा."

तेव्हा कळलं की खरी गोष्ट आणखी कठीण आहे. सरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं: यंदा मैदानावर काही दाखवलं नाहीस तर पुढच्या वर्षी तुझी जागा दुसरीला जाईल. आणि यंदाचा एकच सामना उरला होता. पोरगी पहाटे उठून देवळाच्या पायऱ्या चढत-उतरत होती, हे वहिनीने मला मागाहून सांगितलं. मला रडू आलं आणि रागही आला. राग कोणावर ते नक्की नव्हतं, म्हणून मी घरातल्या सगळ्यांवर काढला.

शेवटच्या सामन्याला निघताना चुलतभावाने पिकअप थांबवली ती रस्त्याकडेच्या राखणदार देवापाशी. गाऱ्हाणं घातल्याशिवाय जायचं नाही, असं हॉटेलात ठरलं होतं. दशावतारी पुढे झाले, नारळ ठेवला आणि आवाज लावला. मी आजवर पुष्कळ गाऱ्हाणी ऐकली, पण बास्केटबॉलचं हे पहिलंच.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुज्या रयतेन आज जो नारळ ठेवलो हा, तो मान्य करून घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"आमचा चेडू बाकड्यार बसान बसान कंटाळला हा. तेका कोर्टार उतरव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या आड कोण येयत तर तेका तू वाटेतसून बाजूक कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इथे थांबायला हरकत नव्हती. पण समोर माणसं आणि हमरस्त्यावरच्या दोन गाड्याही थांबलेल्या. नटाला एवढं पुरतं. त्यांनी हात वर केला. "आणि चेडू उतरला, की त्याच घडयेक, त्याच जाग्यार, तुका नारळ फोडतलों, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" तोंडाच्या सवयीने मीसुद्धा म्हणाले. पिकअप सुरू झाल्यावर डोक्यात उजेड पडला. मी विचारलं, "त्याच जागेवर म्हणजे कुठे?" दशावतारी पिशवीत दुसरा नारळ चाचपत म्हणाले, "देवाक शबूद दिलो, तो दिलो." मला वाटलं, उतरते कुठली आज तरी. म्हणून मी वाद घातला नाही.

सामना फोंड्याच्या बाजूला एका हॉलात होता. आत गुळगुळीत लाकडी फरशी, भोवती सिमेंटच्या पायऱ्यांवर खुर्च्या. आमची मंडळी नेहमीच्या सवयीने एका कोपऱ्यात बसली आणि पहिल्या शिट्टीपासून सुरू झाली: "चेडवाक उतरवा! चेडवाक उतरवा!" कॉलेजची पोरं आधी हसली, मग तीही आमच्यात मिळाली. बाकावर भाची मान खाली घालून बुटाची नाडी सोडून परत बांधत होती.

मग देवाने ऐकलं म्हणायचं की काय कोण जाणे. एका पोरीचा पाय मुरगळला. दुसरी पाच फाउल होऊन बाहेर. सामना अटीतटीचा, वेळ थोडा राहिलेला. सरांनी बाकाकडे बघितलं, दोनदा बघितलं, आणि भाचीच्या खांद्यावर हात ठेवला. ती उठली. टी-शर्ट आत खोचला आणि कोर्टावर गेली.

मी उभी राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं ते पुसायलाही सुचेना. इतक्यात माझ्या बाजूने कोणीतरी सरसर खाली उतरलं. गुडघे गेलेले दशावतारी असे धावू शकतात, हे मला त्या दिवशी कळलं. कोर्टाच्या कडेला सिमेंटची पायरी होती. त्यांनी नारळ डोक्यावर धरला, "व्हय म्हाराजा!" म्हणून आरोळी ठोकली आणि आपटला.

नारळ चांगला निघाला. पाणी भरपूर होतं. ते सगळं लाकडी फरशीवर पसरलं, आणि करवंटीचे तुकडे पार मधल्या रेषेपर्यंत घरंगळत गेले.

शिट्टीवर शिट्टी. पंच धावत आले. समोरच्या संघाचे सर दोन्ही हात हवेत उडवून काहीतरी इंग्रजीत ओरडत होते. दशावतारी हात जोडून सगळ्यांना समजावत होते की आपण देवाचं कर्ज फेडलं, यात रागवण्यासारखं काय आहे. चुलतभाऊ त्यांच्या बचावाला गेला आणि दोन मिनिटांत प्रकरण आणखी बिघडवून आला. पंचांनी सांगितलं, ही माणसं बाहेर गेल्याशिवाय खेळ सुरू होणार नाही. ही माणसं म्हणजे कोण, हे विचारावं लागलं नाही. मी सांगून बघितलं की मी शिक्षिका आहे. हॉलचा शिपाई म्हणाला, "बाई, तुमीय चला."

दारातून मागे वळून बघितलं तर भाची गुडघ्यांवर बसून फडक्याने फरशी पुसत होती. एकेक तुकडा उचलून ओंजळीत घेत होती. तिने वर बघितलं नाही.

बाहेर आम्ही भिंतीला लागून उभे. दार बंद, खिडक्या उंच. आतून बॉल आपटल्याचा आवाज, बुटांची चुरचुर, मधूनच शिट्टी. वर्षभर जिच्यासाठी भांडलो ती आत होती, की सरांनी रागाने पुन्हा बाकावर बसवली होती, हेसुद्धा कळायला मार्ग नव्हता. तरी चर्चा थांबेल तर आमची माणसं कसली.

"ही तिची पावलां!" चुलतभाऊ भिंतीला कान लावून म्हणाला.

"तिची पावलां वायच जड पडतत," एकाने दुरुस्ती केली.

"बसयल्यानच आसतलो तिका," भाजीवाली म्हणाली आणि तिने दशावताऱ्यांकडे असं बघितलं की, त्यांनी रिकामी पिशवी घडी घालून खिशात घातली.

इतक्यात आत एकदम मोठा गलका झाला. टाळ्या, शिट्ट्या, पाय आपटणं, खुर्च्या सरकणं. चुलतभावाने कपाळावर हात मारला. "पडलो! तेंचो बॉल पडलो! गेलो सामनो!" आणि मग त्याने खाणीवर शिकलेल्या दोन शिव्या दिल्या, ज्या मी इथे लिहू शकत नाही, पण तेव्हा मला योग्य वाटल्या होत्या.

भाजीवालीने कडाकडा बोटं मोडली. "ज्या रांडेन घातलो, तिचे हात झडाक व्हये!"

थोड्या वेळाने लोक बाहेर पडायला लागले. आमचं कॉलेज हरलं होतं, थोडक्यात. भाची सगळ्यात शेवटी आली, केस घामाने गालांना चिकटलेले. पिकअपमध्ये चढून भाजीवालीच्या शेजारच्या क्रेटवर बसली. चुलतभाऊ स्टीअरिंगवर. कोणी विचारायचं यावर आमच्या नजरा एकमेकांकडे फिरत राहिल्या, शेवटी मीच विचारलं, "पुन्हा बसवलं का गं?"

"नाय," ती म्हणाली. "शेवटापर्यंत खेळलंय. धावलंय पण." मग बाहेर बघत म्हणाली, "सरांनी जूनात प्रॅक्टिसाक येवक सांगल्यानी."

मागे सगळे एकदम बोलायला लागले. दशावतारी म्हणाले, बघा, राजा मागसून येता! कोणीतरी माझ्या पाठीत थाप मारली. मी त्या गोंधळात पोरीचं तोंड धरून मुका घेतला, आणि तिने तो पुसून टाकला.

"आणि बॉल?" भाजीवालीने विचारलं. "एक तरी घातलंस काय नाय?"

"एकच. अगदी शेवटाक. लांबसून मारलंय." भाची जरा हसली. "सगळी उठान गलको करूक लागली. मी तुमच्या कोपऱ्याकडे वळान बघलंय. नुसत्यो खुर्च्यो."

पिकअपच्या मागे एकदम शांत झालं. वर्षभरात असं पहिल्यांदाच. चुलतभावाने पुढून आरशात बघितलं आणि पटकन नजर रस्त्यावर नेली.

भाजीवालीने पोरीचे दोन्ही हात उचलून आपल्या मांडीवर घेतले. एकेक बोट धरून चोळायला लागली. मनगटापासून नखापर्यंत, मग पुन्हा पहिल्यापासून. म्हापसा गेलं, कोलवाळचा पूल गेला, तरी तिने हात सोडले नाहीत. भाची आधी हसली, मग तिने हात ओढून बघितले, मग माझ्याकडे वळली.

"आते, हिका काय जाला?"

"काही नाही," मी म्हणाले. "खेळून दमले असतील ना तुझे हात. चोळू दे तिला."