पलटणीचा चमचा

त्या आठवड्यात मी दिवसातून पन्नासदा मोबाइल उघडत होते. शाळेत मुलांना निबंध लिहायला लावायचा आणि टेबलाखाली मेल बघायचा. चिखलीच्या बाजारात भाजी घेतानाही तेच. इंग्लंडातल्या एका जिल्ह्याच्या लष्करी संग्रहालयाला मी पत्र पाठवलं होतं आणि तिकडून हूं की चूं नव्हतं.

कारण होता एक चमचा. माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात इराकात बसऱ्याकडे गेले, त्या जिल्ह्याच्या पलटणीमागे सामानाची खेचरं हाकायला. परतले ते हा जाड चमचा घेऊन. दांड्यावर पलटणीचं नाव आणि एका शिपायाचा नंबर ठोकलेला. तो कुठून आणला हे त्यांनी कधीच सांगितलं नाही, म्हणून भावकीनं आपल्या मनानं ठरवून टाकलं, की मेलेल्या गोऱ्याच्या सामानातून उचलला. बाबा लहान असताना एका लग्नाच्या पंगतीत कुणी तरी हे मोठ्यानं म्हणालं आणि बाबा पानावरून उठले.

आई असलं काही मानणारी नव्हती. तिनं तो चमचा साखरेच्या डब्यात टाकला. तेव्हापासून बाबा बिनसाखरेचा चहा पीत आले आणि पाहुण्यांना ‘शुगर आहे’ म्हणून सांगत आले. आता त्यांची ऐंशी उलटली होती. आपला आजा चोर होता का, एवढंच त्यांना जाण्याआधी कळायला हवं होतं.

“आलं का त्याईचं?” ते दर तासाला विचारायचे.

वाट बघता बघता मी त्या पलटणीचा अख्खा इतिहास वाचून काढला. त्यात पाळलेल्या कुत्र्याचंही नाव होतं. खेचरवाल्यांपैकी एकाचंही नाही. संताप आला, पण सांगायचा कुणाला?

नवव्या दिवशी उत्तर आलं. त्या नंबरचा शिपाई युद्धात मेलाच नव्हता. तो घरी परतला, माळीकाम करत राहिला आणि म्हातारा होऊन वारला. चमचा आमच्याकडे कसा आला, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मी धावत स्वयंपाकघरात गेले. चहात त्याच चमच्यानं दोन चमचे साखर घातली, कप बाबांच्या हातात दिला आणि सगळं वाचून दाखवलं.

बाबांनी कप ओठांपर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला.

“म्हंजे हा जित्या माणसाचा चमचा हाये,” ते म्हणाले. “मंग तो बिचारा तिथं जेवला कायनं?”