कॉलरबोनखालची चौकट

फ्लोरी परेरा गेली अठ्ठावीस वर्षं करी रोडजवळच्या एका ट्रस्टच्या तपासणी केंद्रात छातीचे एक्स-रे काढते. मंगळसूत्र काढा म्हटलं की बायका कावऱ्याबावऱ्या होतात, हे तिने पहिल्याच वर्षी पाहिलं. तेव्हापासून ती सांगायची, "काढू नका, नुसतं पाठीवर टाका." पाठीवरचे मणीही फिल्मवर उमटतात. पण केंद्रातले जुने डॉक्टर ते ओळखायचे. लालबाग-परळच्या बायका फ्लोरी ड्युटीवर आहे का, हे विचारून यायच्या.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टर निवृत्त झाले. त्यांच्या खुर्चीत माणूस आला नाही. फिल्म वाचणारी संगणकाची यंत्रणा आली. संशयाच्या जागी ती लाल चौकट काढते. मग फ्लोरीने दोनपैकी एक बटण दाबायचं. 'मान्य' दाबलं तर फिल्म बाहेरगावच्या डॉक्टरकडे जाते. 'बाहेरची वस्तू' दाबलं तर थेट नॉर्मल रिपोर्ट छापला जातो. गळ्यातलं सगळं काढून घ्यावं, अशी सूचना भिंतीवर लागली. फ्लोरीने ती वाचली आणि आपली पद्धत चालू ठेवली. रोज आठ-दहा चौकटी मण्यांवर पडायच्या, रोज ती आठ-दहा वेळा दुसरं बटण दाबायची. बोट सरावलं.

फेब्रुवारीत राजलक्ष्मी सामंत आल्या. याच केंद्रात केसपेपरच्या खिडकीवर बावीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या, दादरला राहणाऱ्या. खोकला जात नव्हता. नवरा, शामराव, तीन वर्षं अर्धांगाने अंथरुणावर.

"काय गं, आता काढून घेतेस म्हणे सगळ्यांचं?" त्यांनी मंगळसूत्र मुठीत धरून विचारलं.

"तुमचं कोण काढतंय, ताई? मागे टाका."

"काढ म्हणालीस तर खोकत घरी जाईन. तो आहे तोवर हे राहणार. आणि तो आहे चिवट!"

चौकट उजव्या कॉलरबोनखाली पडली. फ्लोरीने दुसरं बटण दाबलं.

सप्टेंबरात त्या पुन्हा आल्या, नऊ किलोंनी उतरलेल्या. शामराव जूनमध्ये गेले होते. गळा मोकळा होता. चौकट त्याच जागी पडली, आधीपेक्षा मोठी. फ्लोरीने 'मान्य' दाबलं आणि फेब्रुवारीची फिल्म उघडली. मण्यांची रांग होती. ती चौकटीपासून दोन बोटं लांब होती.

पुढच्या तपासण्यांत कॅन्सर निघाला, यकृतापर्यंत पोचलेला.

"रिपोर्टवर तुझं नाव छापत नाहीत," फ्लोरीने सगळं सांगितल्यावर मॅनेजर गौतम दार लावून म्हणाला. "लोक म्हणतील, मशीन चुकलं. म्हणू दे ना."

"मशीनने बरोबर दाखवलं होतं, गौतम."

"ते तुला माहीत, मला माहीत."

"आणि मशीनला."

"मशीन कोणाच्या घरी जाऊन सांगत नाही, फ्लोरी."

रविवारी ती दादरला गेली. राजलक्ष्मी उशांना टेकून बसल्या होत्या. त्यांची मुलगी जुई चहा ठेवायला आत गेली.

"माझाच हट्ट नडला बघ," राजलक्ष्मी म्हणाल्या. "तेव्हा गळ्यातलं काढलं असतं तर दिसलं असतं ना गं?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. राजलक्ष्मींनी स्वतःच निकाल दिला होता.

"तेव्हाही दिसलं होतं, ताई," फ्लोरी म्हणाली. "मशीनने नेमकी जागा दाखवली होती. मी मणी समजले. नीट पाहिलंही नाही. बटण दाबलं."

राजलक्ष्मींनी बोटांवर महिने मोजले.

"सात," त्या म्हणाल्या.

"हो."

"महिनाभर ती पोरगी माझ्यावर चिडलीय. मंगळसूत्रापायी जीव घालवलास म्हणते. मीही ऐकून घेतेय." त्यांना खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत फ्लोरी पाण्याचा पेला धरून उभी राहिली. त्यांनी तो घेतला नाही. "जा. तिला बोलाव. मला सांगितलंस ते सगळं तिला सांग. माझ्यासमोर."

जुई ओट्यापाशी चहा गाळत होती.

"झालाच, मावशी."

"राहू दे तो," फ्लोरी म्हणाली. "बाहेर ये."