सपनाने बसवलेले कार्बन

उकंडराव मोटरसायकल ढकलत दुकानाशी आले तेव्हा त्यांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. गाडी उभी करून त्यांनी विचारलं, "सपनाबाई कुठंय?"

करुणा टेबलाशी बसून पंपाच्या मोटरीला तार गुंडाळत होती. तिने मान वर केली नाही. "वसमतला गेली. तार आनायला."

"कवा येईल?"

"येईल तवा येईल. मी हाय न इथं? का दिसूनच न्हाई राहिले?"

उकंडराव हसले. "तसं न्हाई गं बाई. स्टार्टर फिरंना झालाय. मागं त्याचे कार्बन तिनंच बदलले होते, म्हनून इचारलं."

हट्टा गावातलं हे दुकान करुणाच्या सासऱ्यांचं, ग्यानोबांचं. जळालेल्या मोटरींना नवी तार भरायची, गाड्यांचे स्टार्टर दुरुस्त करायचे. करुणा लग्न होऊन आली तेव्हा तिच्याकडे फक्त भाकरी पोचवायचं काम होतं. भाकरी दिली की ती तिथेच रेंगाळायची. आधी सुटे भाग रॉकेलने धुतले, मग तारेचे वेढे मोजले, मग एकटीने मोटर बांधली. शिकवलं कोणी नाही. बोटं कापली, तार तुटली, सासऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या, तेवढ्यात जे कळलं ते कळलं. ग्यानोबांना दिसेनासं झालं तेव्हापासून टेबल तिचं होतं.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि सपना आली. तिला मात्र ग्यानोबांनी शेजारी बसवून, हात धरून शिकवलं. "हिचा हात हलका हाय," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं. करुणाला जे कैक वर्षांत आलं, ते सपनाला एका पावसाळ्यात जमलं. आता गिऱ्हाइकं तिचं नाव घेऊन येत. आणि गेल्या आठवड्यात ग्यानोबा जेवता जेवता म्हणाले होते, "टेबलाला एकच कारागीर बरा. दुसरीनं बाहेरचं वायरिंग बघावं. कोन कुठं, ते मी सांगीन." तेव्हापासून करुणा सगळ्यांच्या आधी येऊन टेबल धरत होती.

करुणाने गाडीची किल्ली फिरवली, क्लच आवळला, बटन दाबलं. काही नाही. हॉर्न दणक्यात वाजला, दिवा लख्ख लागला. स्टार्टरची मोटर मुकाट.

अशा गाडीत बिघडायला पुष्कळ जागा असतात. करुणाला एकच दिसत होती. सपनाने बसवलेले कार्बन. मोटरीच्या आत वीज पोचवणारे ते दोन छोटे ठोकळे नीट बसले नसतील, तिरपे झिजले असतील. ते उकंडरावांच्या तळहातावर ठेवायचे आणि म्हणायचं, घ्या, हलक्या हाताचं काम.

मोटर काढायला दोन बोल्ट आणि एक वायर. सांगायला सोपं. मागचा बोल्ट पाइपाच्या आड. हात वाकडा घालून पाना थोडा थोडा सरकवावा लागतो. करुणाच्या बोटांची पेरं सोलली. मोटर निघाली, तिने ती टेबलावर खोलली.

कार्बन सरळ होते. स्प्रिंग जिथल्या तिथे. ते ज्यावर घासतात त्या तांब्याच्या पट्ट्या चकचकीत, आणि पट्ट्यांमधल्या खाचासुद्धा करवतीच्या पात्याच्या तुकड्याने कोरून साफ केलेल्या. ते काम कोणी बघत नाही. घाईत असली की करुणा ते सोडून द्यायची.

तिने मोटर परत जोडली आणि सरळ बॅटरीच्या तारा लावल्या. मोटर हातातून उडायला बघत गरकन फिरली.

बाकावर बसलेल्या ग्यानोबांनी कान टवकारले. "करुणा, बटन दाबलं तवा आत टक वाजलं होतं का?"

"न्हाई, मामा."

"मग मोटर काहून खोलली?"

टक वाजलं तर मोटर बघायची, नाही वाजलं तर आधी बटनं आणि वायरी, हे तिला पाठ होतं. ती हँडलशी गेली. क्लचच्या दांडीला काळ्या दोऱ्याचा गोंडा बांधलेला होता.

"ह्यो कोनी बांधला?"

"नातीनं. आमच्या राजनंदिनीनं," उकंडराव म्हणाले. "नवी दिसती म्हने गाडी, कोनाची नजर लागंल."

गोंड्याचे धागे दांडीच्या बुडाशी गुंडाळून बारीक स्विचाच्या फटीत शिरले होते. क्लच आवळल्याचं गाडीला कळतच नव्हतं, म्हणून ती स्टार्टरला वीज देत नव्हती. करुणाने ब्लेडने धागे कापले, सुईने उकरून काढले, क्लच आवळून बटन दाबलं. टक.

उकंडराव तोवर पान आणायला पलीकडे गेले होते. ग्यानोबांना दिसत नव्हतं. काय निघालं ते एकट्या करुणाला ठाऊक होतं. तिने धागे मुठीत घेतले.

"सपनाचे कार्बन गेले होते का?" ग्यानोबांनी विचारलं.

'व्हय' जिभेवर आलं होतं. एवढ्या एका शब्दाने टेबल तिचंच राहिलं असतं. पण त्या कोरलेल्या खाचा तिने स्वतः पाहिल्या होत्या, आणि तसल्या कामाला खराब म्हणायला जीभ वळेना.

"कार्बन बराबर हाईत," ती म्हणाली. "खाचाबी साफ केल्यात तिनं. क्लचात दोरा अडकला होता. मोटर मी उगीच काढली."

ग्यानोबा म्हणाले, "मग टेबलावर तिला बसू दे. बाहेरचं वायरिंग तू बघ."

करुणाने मोटर बसवली, पाइपाआडचा बोल्ट पुन्हा थोडा थोडा सरकवत आवळला. उकंडराव गाडी घेऊन गेले. तेवढ्यात तारेची बंडलं उचलून सपना आली. टेबलावरची करुणाची हत्यारं डब्यात गेलेली पाहून ती थबकली. ग्यानोबांनी तिला काय ठरलं ते सांगितलं.

"आवं ताई, असं काहून? दोघी बसू की."

"दोघींना जागा न्हाई तिथं." करुणाने टेबल पुसायला बोळा उचलला.

"मी पुसून घेते, ऱ्हाऊ द्या."

"हात लावू नको."

तिने बोळा रॉकेलमध्ये बुडवला आणि सगळं टेबल घासलं. वर्षानुवर्षांचा काळा थर फळ्यांच्या सांध्यांतून करवतीच्या पात्याने कोरून काढला. सपना बंडलं छातीशी धरून उभीच होती. टेबल असं स्वच्छ करून द्यायचं होतं की सपनाला त्यावर पुसायला काही उरू नये.