पांढरा लाईट लावायचा नाही

मोजले तर अकरा. पुन्हा मोजले, पुन्हा अकराच. व्हॅनमधून आणले होते बारा. आणि भरती चढायला लागली होती.

"आई, कोण नाहीये?" मेधानं विचारलं.

"टौरंगा गावाहून आलेले साठे."

मेधा माझी सून. साउथ आयलंडच्या टोकाला लोकांना रात्री ऑरोरा दाखवायची टूर तिची. व्हॅन ती चालवते, कॅमेरे लावून देते. मी चहा देते आणि माणसं मोजते. माझं शिक्षण चौथीपर्यंत, या कामाला पुरतं.

ऑरोरा म्हणजे आकाशातला हिरवा-तांबडा उजेड. डोळ्यांना फिका दिसतो. कॅमेऱ्याला चांगला दिसतो, कारण तो वीस-वीस सेकंद उघडा राहतो. तेवढ्यात कुणी पांढरा टॉर्च लावला की सगळ्यांचे फोटो वाया. म्हणून प्रत्येकाच्या कपाळाला लाल दिवा. हा नियम मी सांगते, दटावून सांगते. तासाभरापूर्वी साठ्यांनी मोबाईल उघडला, तेव्हा त्यांना सगळ्यांसमोर झापलं होतं.

हाका मारल्या. वारा समुद्राकडे वाहत होता. आमची हाक जात असेल, त्यांची येत नव्हती.

तेवढ्यात टूरवर आलेली मनुरेवा गावची पूजा कॅमेरा घेऊन आली. "मावशी, माझ्या फोटोत खाली हा रेड डॉट कसलाय?"

"बोट असेल," कुणीतरी म्हणालं.

"सगळ्यांनी दिवे बंद करा," मी म्हटलं. "लालसुद्धा."

बंद झाले. एक राहिला. लांब, पाण्यात.

मी व्हॅनचे हेडलाईट फुल केले.

"मावशी! लाईट!" एक जण ओरडला.

"खड्ड्यात गेला तुमचा फोटो. तिकडे बघा."

साठे मांडीभर पाण्यात उभे होते. ओल्या वाळूत आकाशाचं प्रतिबिंब मिळेल म्हणून पुढे गेले आणि चिखलात गमबूट रुतले. पाणी आलं तरी पाय निघेनात.

मेधानं १११ हा इथला मदतीचा नंबर लावला. माणसं पोचायला अर्धा तास लागणार होता. पाणी तेवढं थांबणार नव्हतं. व्हॅन ओढायचा दोर तिनं कमरेला बांधला, दुसरं टोक अकरा जणांच्या हातात दिलं आणि आत शिरली. नको म्हणायला मला वेळ मिळाला नाही. मी काठावरून ओरडत राहिले.

"साठे, गमबूट सोडा! नुसते पाय काढा! मागे पडा!"

ते ट्रायपॉडला मिठी मारून उभे.

"तोही सोडा!"

सोडेनात. मेधानं तो हिसकावून फेकला, त्यांना काखेत धरलं आणि हात वर केला. "ओढा!" मी म्हटलं. दोघं पाठीवर घसरत बाहेर आली. साठ्यांच्या पायात एकच मोजा होता.

व्हॅनमध्ये हीटर लावला, ओले कपडे काढायला लावले, ब्लँकेटं गुंडाळली. चहाचा कप मीच साठ्यांच्या तोंडाला लावला.

"खिशात फोन होता ना? टॉर्च का नाही लावला?"

"लोकांचे फोटो गेले असते, मावशी. एकदा बोलणी खाल्ली होती ना तुमची."

मी त्यांचा कप पुन्हा भरला.

आता लोक व्हॅनमधून उतरण्याआधी मी पहिल्यांदा हे सांगते: अडकलात की पांढरा लाईट लावा, लगेच, कुणाला न विचारता. लाल दिव्याचं त्यानंतर. दटावते अजूनही, पण या क्रमानं.

साठे जगले. मेधाही जगली. ट्रायपॉड गेला.