मनू बरी झाली का?

पुढच्या आठवड्यात माझं मुलांसाठीचं पुस्तक येतंय. शाळाशाळांत जाऊन त्याविषयी बोलायचं म्हणून मी लॅपटॉपवर त्यातली चित्रं लावत होते. शेवटच्या चित्रात आजारातून उठलेली मनू दप्तर पाठीला लावून शाळेत निघाली आहे. चित्रकाराने तिच्या दोन वेण्या छान जाड काढल्यात. आमच्या मनूचे केस औषधांनी गेले, ते परत यायला तिला वेळच मिळाला नाही.

सरावासाठी नवऱ्याला विद्यार्थी करून समोर बसवलं. त्याने शहाण्या मुलासारखा हात वर केला.

"बाई, मनू खरंच बरी झाली का?"

कुणीतरी हे विचारणारच. गोष्ट आवडली की ती खरी असावी असं मुलांना वाटतं. आणि मोठी माणसं कधीकधी ती खरी झाली नाही म्हणूनच लिहायला बसतात.

"पुस्तकात झाली," मी म्हणाले.

"असं नको सांगूस गं. लहान असतात ती. नुसतं हो म्हण."

मी त्याच्याकडे बघत म्हटलं, "हो, झाली ना बरी."

त्याचा चेहरा क्षणभर खरोखरच उजळला. मग तो उठून आतल्या खोलीत गेला.